मागे वावर ठेवा

चि. धाकटीस,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. (वर 'सौ.' लिहून खोडलंय ते वाचू नकोस. भाऊजींना जाऊन इतकी वर्षं झाली तरी हात आपला जुन्या वळणावर जातो, त्याला काय करणार.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? पोरीकडचा जिना चढताना कठडा धरतेस की तिथेही तोरा? बाळाला दात आले का, आणि आले असतील तर कोणाला चावतं? पोरीला सांग, मोठी आई विचारत होती. माझं म्हणशील तर मी ठणठणीत. मला काय धाड भरलीय. मध्ये खोकला झाला होता, तोही कंटाळून निघून गेला.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझा फोन. तू म्हणालीस, आता पोरीकडेच राहीन म्हणते, माझी ट्रंक तेवढी टेम्पोत घालून पाठवा. मी 'बरं' म्हणाले आणि ठेवून दिला. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. उभा जन्म इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेला, त्या मशीनांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय कोणाला काही कळायचं नाही, त्यामुळे मी फोनवर बोलले की पलीकडचा माणूस फोन कानापासून हातभर लांब धरतो. मग अर्धं ऐकतो आणि पूर्ण रागावतो. त्यापेक्षा पत्र बरं. चौथीपर्यंतची शाळा आहे, ऱ्हस्व-दीर्घ तू तुझं बघून घे.

तर ट्रंक. पाठवायला माझी काही ना नाही. तुझी ट्रंक, तुझा जीव, तुझी मर्जी. पोरीने मलाही बोलावलं होतं, ते मी विसरले नाही. पण एका घरात एक आजी पुरे, दोन झाल्या की पोर कोणाचंच ऐकत नाही. अडचण एवढीच आहे की तुझी ट्रंक मागच्या पडवीत आहे, आणि पडवीखाली साळिंदर राहतं. सहकुटुंब राहतं. ते जाईपर्यंत पडवीत काही हलवायचं नाही असं वनखात्याच्या माणसाने मला बजावून सांगितलंय, आणि सरकारी माणसाचा शब्द मोडायची आपल्या घरची रीत नाही. (तू मोडायचीस. पाणी यायच्या वेळेला बागेला नळी लावायचीस.)

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी सबबी काढते. तू पोरीकडे गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी मागचं अंगण झाडताना मला एक सुई सापडली. चांगली वीतभर, काळी-पांढरी, गुळगुळीत. मला वाटलं तुझी विणायची सुई. मी मनात म्हटलं, बघा, गेली पण पसारा ठेवून गेली. पुसून तुझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग पेरूच्या झाडाखाली दोन. मग मला शंका यायला लागली, की माणूस विसरून विसरून किती सुया विसरेल? त्यात तू मफलर विणायला घेतलास तो कधी पुरा झालेला या घराने पाहिला नाही, एवढ्या सुया तुला कशाला? तशात झाडाखाली पडलेले पेरू नाहीसे व्हायला लागले आणि अळूच्या वाफ्यात खड्डे पडायला लागले. मी शेजारच्या कंडक्टरना कुंपणावरून हाक मारली. (माणूस रिटायर होऊन किती काळ लोटला, पण अजून कोणी दारात उभं राहिलं की 'आत सरका' म्हणतो.) त्यांनी सुई हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि सांगितलं, वहिनी, हे साळिंदराचं पीस आहे, साळिंदर लांबून नेम धरून हे फेकून मारतं, सांभाळून. आणि स्वतः उघडी छत्री पुढे धरून आपल्या घरात गेले. पाऊस नव्हता.

मी असल्या गोष्टींना भिणारी नव्हे. तिन्हीसांजेला डाव्या हातात परात ढालीसारखी धरली, उजव्या हातात केरसुणी, पदर खोचला आणि मागे जाऊन उभी राहिले. आलं. पडवीखालून तोंड काढलं, डुलत डुलत पेरूखाली गेलं, आणि मी 'हट्' म्हटल्याबरोबर सगळी पिसं उभी करून माझ्याकडे पाठ करून उभं राहिलं. ना पळणं, ना येणं. नुसता अंगाचा सळसळाट. तू रुसलीस की ओट्यापाशी तोंड फिरवून बांगड्या वाजवत उभी राहतेस ना, अगदी तस्सं. मला हसायलाच आलं. मागून दुसरं निघालं आणि त्या दोघांच्या मध्ये, टोपीएवढं, एक पिल्लू. ते पेरू उचलायला जायचं आणि पेरू घरंगळला की आईच्या मागे लपायचं. मी परात खाली ठेवली.

त्यानंतर मारायचं नाही हे ठरलं. कंडक्टरांनी कुठूनशी औषधाची पुडी आणून देतो म्हटलं, त्यांना मी सांगितलं, ती तुमच्या घरी ठेवा आणि स्वतः चाखून बघा. पण घालवायचं तर होतंच, कारण नुकसान फार. कुदळीचा दांडा कुरतडला. दारामागचं पायपुसणं पळवलं. आणि तुझं स्टूल खाल्लं. हो, तेच, ज्यावर चढून तू मागच्या दाराची कडी काढायचीस. दुपारी बाहेर ऊन खायला ठेवलं होतं, घ्यायचं विसरले, सकाळी बघते तर तीन पाय. आता हे स्टूल म्हटलं की तू लगेच कडीचा विषय काढणार, म्हणून आधीच सांगते, मी काही म्हटलेलं नाही. कडी वर आहे कारण मी उंच आहे आणि ती मी बसवली. तू आयुष्यभर 'कडी खाली घ्या, जाऊबाई' म्हणत आलीस आणि मी 'तू वर हो' म्हणत आले, तो विषय आत्ता नाही.

औषध नको तर काय, म्हणून कंडक्टरांच्या सांगण्यावरून मिरचीपूड टाकली. वारा माझ्याकडे होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. शेवटी वनखात्याला फोन लावला. तिकडचा माणूस तरुण वाटला, आवाज गोड, पण फोनमध्ये नुसती खरखर. मी ओरडून सगळं सांगितलं. त्याने दोन-चार गोष्टी सांगितल्या, पडलेले पेरू रोज उचला, कचऱ्याचा डबा झाका, आणि मग म्हणाला, मुख्य म्हणजे मागे वावर नाही म्हणून ती येतात, तिथे वावर ठेवा, आपोआप जातील. आणि फोन कटला.

आता तूच सांग, यात माझी काय चूक? आपल्या सासूबाईंच्या तोंडात शेताला दुसरा शब्द नव्हता. वावरात गेले होते, वावरातनं आले, वावर विकलं तेव्हा रडले. आपण दोघी नव्या नवऱ्या होतो तेव्हापासून तेच ऐकत आलो. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी म्हटलं, मागे शेत ठेवलं की साळिंदर जातं, असेल बाबा, सरकारी शास्त्र आहे, जनावराला मोकळी जमीन दिसली की ते शिरत असेल आणि नांगरलेली दिसली की घाबरत असेल. कुरतडलेल्या दांड्याची कुदळ घेतली आणि सगळं अंगण खणून काढलं. कपडे वाळत घालायचा कोपरासुद्धा. रताळ्याचे वेल लावले, भुईमूग लावला, कडेने मका. रोज पाणी घातलं. कंडक्टर कुंपणावरून म्हणाले, वहिनी, या वयात? मी म्हटलं, सरकारने सांगितलंय. काय सांगू तुला, पीक असं आलं, असं आलं की सासूबाई असत्या तर दृष्ट काढली असती. मलाही बरं वाटायचं. सकाळी उठल्यावर कोणाकडे तरी बघायचं आहे असं वाटायचं.

आणि रताळी भरली त्या आठवड्यात साळिंदराकडे जेवणावळ उठली. आधी तिघं होती, आता त्यांचे पाहुणे आले. एका सकाळी बघते तर ओळीने खड्डे, टरफलांचा खच, आणि जागोजाग तुझ्या विणायच्या सुया. भुईमुगाची एक शेंग ठेवली नाही. एक अर्धं रताळं पायरीवर आणून टाकलं होतं. ते मला ठेवलं की नको झालं म्हणून टाकलं, ते अजून कळलेलं नाही.

मग मी जो फोन केला त्याने वनखात्याचा माणूस खरंच घरी आला. शिडशिडीत पोरगा, बुटाला चिखल, हातात जाळीचं भेंडोळं. मागचं दार उघडून त्याला सगळं दाखवलं आणि म्हटलं, हे तुमचं वावर. तो कपाळाला हात लावून पायरीवर बसला.

"आजी," तो म्हणाला, "वावर म्हणजे शेत नाही हो. वावर म्हणजे माणसांची ये-जा. घरात बोलणं-चालणं, भांड्यांचा आवाज. तो असला की जनावर जवळ येत नाही."

मी म्हटलं, मग तसं सांगायचं. तो म्हणाला, तसंच सांगितलं. मग वहीबिही काही न काढता त्याने सहज विचारलं, की आधी कधी ही यायची का. मी म्हटलं, नाही, जन्मात नाही. आधी घरात कोण असायचं? मी सांगितलं, माझी धाकटी जाऊ असायची, तिचं शिवणयंत्र असायचं, ते दिवसभर खडखडायचं, आणि त्यावरून मी ओरडायचे आणि माझ्यावरून ती. तो हसला नाही. मान हलवून म्हणाला, "मग तेच. आता शांत झालंय ना घर, त्यांना कळलं."

मला त्याचा राग आला. शांत झालंय काय. मी आहे ना घरात. मी काय भिंतीवरची खुंटी आहे? पण साळिंदराला तसंच वाटलं असणार, त्याला कोण काय करणार. पोराला चहा दिला. जाताना त्याने सांगितलं की पिल्लू लहान आहे, ते जरा मोठं होईपर्यंत बीळ बुजवू नका, पडवी उचकटू नका, आत अडकलं तर मरेल. तोवर मागच्या बाजूला आवाज ठेवा, ती आपण होऊन बिऱ्हाड हलवतील. मग जाळी जमिनीत फूटभर खोल पुरून देतो. मी विचारलं, माणसांची ये-जा आणू कुठून, रेशनवर मिळते का? तो म्हणाला, रेडिओ लावा.

लावला. मागच्या खिडकीत ठेवला, मोठ्याने. सुरुवातीला बिचकली, नंतर सरावली. एकदा तर ते थोरलं साळिंदर खिडकीखाली बसून बातम्या ऐकत होतं. मला वाटतं जनावराला कळतं. रेडिओतला माणूस बोलत सुटतो, मध्ये थांबत नाही, कोणाच्या उत्तराची वाट बघत नाही, मग तो खरा माणूस कसला? खऱ्या बोलण्याला मध्ये खाचा असतात.

म्हणून मग मी स्वतःच बोलायला लागले. संध्याकाळी पायरीवर बसायचं आणि बोलायचं. आधी काही सुचेना. एकटीने बोलायला विषय लागतो. मग मी आपला नेहमीचा काढला. म्हटलं, चहात साखर किती घातलीस ती? आणि तुझ्या आवाजात मीच म्हटलं, तुमच्या जिभेलाच आता चव नाही जाऊबाई. (तुझा आवाज मला चांगला जमतो. नाकात बोललं की झालं.) तिथून जी गाडी सुटली ती थांबेना. शिवणयंत्राच्या तेलाचे डाग झाले, तुझ्या माहेरच्या लग्नात मला मागच्या रांगेत बसवलं ते झालं, पोरीला ताप होता त्या वेळी डॉक्टर कोणी आणला ते झालं. साळिंदरं त्या दिवशी बिळाबाहेर आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. उपाय लागू पडला, म्हणून मी रोज ठेवला. पण एक गोष्ट झाली, ती सांगते. तुझी बाजू मला मांडायची म्हणजे नीट मांडायला हवी ना, नाहीतर भांडणात दम राहत नाही, मी गप्प आणि जनावर बाहेर. तर तुझी बाजू मांडता मांडता तू जिंकायला लागलीस. डॉक्टर तूच आणला होतास. साखरेचंही तुझंच बरोबर निघालं. कडीच्या विषयावर तर मला उत्तरच सुचलं नाही, रेडिओ लावावा लागला.

एके दिवशी भांडण असं रंगात आलं असताना कुंपणापाशी कंडक्टर उभे. हातात लिंबांची पिशवी. चेहरा एकदम उजळलेला. म्हणाले, धाकट्या वहिनी आल्या वाटतं, आवाज ऐकला, बरं वाटलं हो, आळी कशी सुनी सुनी झाली होती. त्यांना लिंबं आवडतात ना, घरची आहेत. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं. पण काय सांगणार, की दोन्ही मीच? म्हणून म्हटलं, आत्ताच आत गेली, पडलीय जरा, प्रवासाची दमणूक. आणि लिंबं घेतली.

तर असं आहे सगळं. पिल्लू अजून लहान आहे, पडवी उचकटता येत नाही, ट्रंक पडवीत आहे, म्हणून ट्रंक पाठवता येत नाही. यात माझा काही हेतू नाही. तू तिकडे सुखी आहेस, बाळ लहान आहे, आपली माणसं जवळ आहेत, मला आनंदच आहे. माझ्यासाठी काही करायला जाऊ नकोस, मला लाड आवडत नाहीत. गुडघ्याला शेक दे. पोरीला आणि बाळाला माझा हात डोक्यावरून फिरवलाय असं समज.

तुझी,
थोरली

ता. क. साळिंदरं गेली. आपण होऊन गेली, पिल्लू पुढे, ही दोघं मागे, कुंपणाच्या भगदाडातून पलीकडच्या माळाकडे. वनखात्याचा पोरगा येऊन बीळ बुजवून, जाळी पुरून गेला. हे वर लिहायचं राहिलं. आता मागे काही येत नाही, चिमणीसुद्धा विचार करून येते. तरी संध्याकाळी मी बोलायला बसतेच. का ते विचारू नकोस.

ता. क. ट्रंक पडवीत नव्हतीच. माझ्या खाटेखाली आहे. होती खाटेखाली, आता बाहेर ओढलीय, कारण हे पत्र तिच्यावरच ठेवून लिहितेय. टेबलापेक्षा बरी पडते. एकटीने ओढता येते म्हणजे जड नाही, तेव्हा जड आहे म्हणून पाठवली नाही असंही मी म्हणणार नाही. तुझं सामान आहे, तू येऊन बघ, उघड, मग न्यायची की राहू द्यायची ते तुझं तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही. (बोलेन, पण थोडं.)

ता. क. कंडक्टरांनी तू आलीस हे सगळ्या आळीत सांगितलंय. दूधवाला जास्तीचं दूध टाकून जातो. समोरची बाई रोज विचारते, कशा आहेत, दिसत नाहीत. मी आधी दमलीय म्हटलं, मग गुडघा म्हटलं, आता लोक तुला बघायला यायचं म्हणताहेत. दार लावून मी किती दिवस तुझ्या आवाजात खोकणार? मला वेडी ठरवायची नसेल तर लवकर निघ. रविवारी निघालीस तर बरं, गाडीला गर्दी कमी असते.

ता. क. जाळी पुरायला आला तेव्हा त्या पोराजवळ पाना-हातोडी होतीच, म्हणून मागच्या दाराची कडी खाली घेऊन ठेवलीय. वरची भोकं पुट्टीने बुजवली. खाली कुठे बसवायची ते त्याने विचारलं, तर मी भिंतीला हात लावून दाखवलं, इथे, हिचा हात इथवर पोचतो. त्याने कोणाचा म्हणून विचारलं नाही. मला आता वाकावं लागतं.